आषाढातली तळलेली मासळी आणि घरातील वडीलधारी

डोळखांबहून एका गृहिणीचे पत्र आले आहे. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सासरे आहेत. मधुमेह जुना, रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात, आणि तोंडात वरची व खालची अशी पूर्ण कवळी. गेले काही महिने त्यांची अन्नावरची वासना उडाली आहे. वरण-भाताचे दोन घास घेऊन ते पानावरून उठतात आणि म्हणतात, ‘आखाड लागला, कुणी कुरकुरीत बोंबील करून घालील तर जेवीन.’ मुंबईला असलेला मुलगा फोनवरून बजावतो की बाबांना तळलेले काही देऊ नका. सुनेने विचारले आहे : द्यावे की न द्यावे?

माझे उत्तर, द्यावे. मात्र ते कसे द्यावे हे आधी नीट समजून घ्यावे. तळणीला आपण सरसकट दोषी ठरवून मोकळे होतो. पंधरा दिवसांतून एकदा, ताज्या तेलात, नीट तळलेले मासळीचे दोन-तीन तुकडे खाल्ल्याने बहुतेक वृद्धांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते न सापडलेल्या काट्याने, शिळ्या मासळीने, चार वेळा तापवलेल्या तेलाने आणि न मोजता घातलेल्या मिठाने. या चारही गोष्टी स्वयंपाक करणाऱ्याच्या हातातल्या आहेत.

वय वाढते तसे नाक मंदावते, जिभेची जाण बोथट होते, लाळ कमी सुटते; काही औषधांनी तोंड आणखी कोरडे पडते. अशा तोंडाला रोजचे मऊ, एकाच पोताचे अन्न नकोसे होणे स्वाभाविक आहे. कुरकुरीत पदार्थ जिभेबरोबर कानालाही कळतो, म्हणून चव मंद झालेल्या माणसालाही तो हवासा वाटतो. वृद्धाने जेवण कमी केले की त्याची झळ आधी स्नायूंना लागते. मांड्या बारीक होतात, उठताना हाताचा टेकू लागतो, आणि एखाद्या पावसाळी सकाळी माणूस ओसरीवर घसरतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन सांगितले; वृद्धांसाठी अनेक पोषणतज्ज्ञ हा आकडा किमान १ ग्रॅम धरतात. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या आजोबांना दिवसाला पन्नास ग्रॅम. वाटीभर पातळ वरणातून पाच-सहा ग्रॅमच मिळते, तर शंभर ग्रॅम सोललेल्या कोळंबीतून वीस ग्रॅमच्या आसपास. ‘तेलकट नको’ म्हणून मासळीच बंद करणाऱ्या घरांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

काहींनी मात्र कुरकुरीत मासळीच्या वाटेला जाऊच नये. पक्षाघातानंतर किंवा कंपवातामुळे ज्यांना गिळताना ठसका लागतो, पाणी पितानाही खोकला येतो, त्यांच्यासाठी कोरडा, भुगा होणारा पदार्थ धोक्याचा आहे. तो घशात चुकीच्या वाटेला जाऊ शकतो. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी तळून, उकडून, कोणत्याही रूपात ती टाळावी. सांधे सुजवणाऱ्या यूरिक आम्लाच्या दुखण्याचा झटका चालू असताना मासळी नको, आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती खावी हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आता मासळी निवडण्याकडे वळू. शहापूर-मुरबाडचा मुलूख सह्याद्रीच्या पायथ्याचा. समुद्राची मासळी येथे पोहोचते ती प्रवास करून, बर्फातून. त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे आषाढात पाटीत दिसणारी बरीच समुद्री मासळी शीतगृहातली असू शकते. ती वाईटच असते असे नाही. बर्फ सतत टिकला असेल तर गोठवलेली मासळी चांगली, आणि बर्फ तुटला असेल तर काल पकडलेलीही वाईट. डोळा फुगीर व चकचकीत, कल्ला लालसर, बोटाने दाबल्यास मांस परत वर येणारे, वास समुद्राचा पण उग्र नव्हे, या खुणा वाचकांना नव्याने सांगायला नकोत. बांगडा, तारली, कुपा या मासळीविषयी मात्र एक गोष्ट ठाऊक असावी. बर्फाविना राहिल्यास त्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते कितीही तळले तरी नष्ट होत नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, छाती धडधडणे, अंगावर पित्त उठणे असा त्रास होतो. हृदयविकाराच्या रुग्णाला हा त्रास जड जाऊ शकतो. म्हणून बांगडा वाटेत किती वेळ उन्हात राहिला याची खात्री नसेल, तर त्या दिवशी तो घेऊ नये. घरी आणलेली मासळी लगेच फ्रिजमध्ये ठेवावी. पावसात वीज गेली तर दार उघडू नये, बंद फ्रिज चार तासांपर्यंत थंडावा धरतो. त्याहून अधिक काळ वीज आली नाही तर मासळी टाकून देण्याचे धैर्य दाखवावे.

काळू, शाई, भातसा यांच्या काठच्या लोकांना समुद्राच्या मासळीचे फार अप्रूप नसते, हेही खरे. पहिल्या पावसात नदी-ओढ्यांतून भातखाचरांकडे चढणारी वलगणीची मासळी ही येथील खरी मेजवानी. (अंड्यांनी भरलेले ते मासे सगळेच उपसून नेले तर पुढल्या साली काय चढणार, हा विचार जुनी माणसे करीत, नव्यांनीही करावा.) पण वलगणीचे लहान मासे म्हणजे बारीक काट्यांचे जाळे. स्वतःचे पक्के दात असलेला माणूस ते कडकडीत तळून काट्यासकट चावून खाईल. कवळीवाल्याने त्यांचा मोह सोडावा.

याचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. अन्नात काटा आहे की नाही हे आपल्याला मोठ्या प्रमाणावर टाळूला कळते. जीभ घास टाळूवर दाबते आणि टोचणारी वस्तू ओळखते. वरच्या पूर्ण कवळीने टाळू झाकली जाते आणि ही जाण निम्मीअधिक हरवते. काटा घशात उतरेपर्यंत माणसाला पत्ताच लागत नाही. म्हणून काटा शोधण्याचे काम तोंडावर न सोपवता ते स्वयंपाकघरातच, उजेडात, बोटांनी उरकावे. मांसावरून बोट शेपटीकडून डोक्याकडे फिरवले की काट्यांची टोके हाताला लागतात. स्वच्छ चिमट्याने ती ओढून काढावीत. धरणातल्या रोहू-कटल्याच्या मांसात इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे दुफाटे काटे विखुरलेले असतात, ते सगळे निघत नाहीत. वृद्धांसाठी तळायला हे मासे मी सुचवणार नाही. मरळ मात्र उत्तम. तिच्या मांसात असे बारीक काटे जवळजवळ नसतात, मधला काटा सोडवला की स्वच्छ पट्ट्या मिळतात. शिंगटीही चालेल, फक्त तिचे विषारी टोचरे काटे विक्रेत्याकडूनच छाटून घ्यावेत. समुद्राच्या मासळीत कोळंबी सर्वांत निर्धोक. मात्र डोके, कवच, पाठीतला काळा दोरा आणि शोभेसाठी ठेवतात ती शेपटीसुद्धा काढावी. सुरमई घेतल्यास गोल तुकड्यांऐवजी मधला काटा सोडवलेल्या पट्ट्या कराव्यात.

आणि बोंबील. डोळखांबच्या आजोबांची निवड वाईट नाही. काटा मऊ, मांस लुसलुशीत, कवळीला सोपे. अडचण एकच, शंभर ग्रॅम ओल्या बोंबलात नव्वद ग्रॅमच्या आसपास पाणीच असते. कुरकुरीत तळणाचे सगळे शास्त्र या पाण्याभोवती फिरते, म्हणून तेथे थोडे थांबू.

तेल योग्य तापलेले असेल, म्हणजे १७० ते १८० अंश सेल्सिअस, तर मासळी आत पडताच पृष्ठभागावरच्या पाण्याची वाफ होऊन ती जोराने बाहेर येते. कढईत दिसणारे बुडबुडे म्हणजे हीच वाफ. ती बाहेर ढकलत असेपर्यंत तेलाला आत शिरायला फारशी वाव नसते. पीठ वाळते, कडक होते; आतली मासळी स्वतःच्याच ओलाव्यात शिजते. तेल थंड असेल किंवा एका वेळी कढईभर तुकडे टाकून ते थंड केले असेल, तर वाफेचा जोर मंदावतो, कवच बनायला वेळ लागतो आणि पीठ तेल पिते. मासळी फार ओली असेल तर कवच आतून भिजून सुटते. आणखी एक नवलाची गोष्ट अशी, की पदार्थात मुरणाऱ्या तेलाचा मोठा वाटा कढईतून बाहेर काढल्यानंतर आत जातो. तुकडा गार होऊ लागला की आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावर चिकटलेले तेल शोषून घेते. म्हणून तुकडा झाऱ्यावर घेऊन कढईवरच क्षणभर झटकावा आणि लगेच जाळीवर किंवा रोवळीत उभा निथळावा. वर्तमानपत्रावर काढू नये. छपाईची शाई अन्नाला लागते. वर झाकणही ठेवू नये, नाहीतर वाफेने सगळे मऊ पडते.

बोंबील करण्याची रीत आपल्या आज्यांना हे सगळे न शिकताच ठाऊक होती. बोंबील साफ करून, पोटाकडून चिरून, मधला काटा काढून उलगडावेत. त्यांना अगदी थोडे मीठ चोळावे, स्वच्छ कापडाच्या घड्यांत एकापुढे एक मांडावेत आणि वर पाटा किंवा भरलेले जड पातेले ठेवावे. अर्ध्या तासात कापड ओलेचिंब होते. मग हळद, सौम्य तिखट, लसणीचे वाटण आणि लिंबाचा थोडा रस लावावा. कोकमाचे आगळ वापरणार असाल तर त्यात मीठ असते हे लक्षात ठेवून वरून मीठ घालू नये. मसाला लावून तासन्‌तास ठेवल्यास पाणी पुन्हा सुटते. दहा-पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. तळण्यापूर्वी वरचा ओलावा पुन्हा टिपून घ्यावा.

आवरणासाठी मैदा नको. गव्हाच्या पिठातले चिकट प्रथिन पिठाला चिवट करते, आणि कवळीच्या दातांना चिवटपणा हा कडकपणापेक्षाही त्रासदायक. तांदळाच्या पिठात ते नसते. कवच पातळ, ठिसूळ होते आणि तेलही कमी पिते. भाकरीसाठी दळलेले पीठ या भागात घरोघर असतेच. पाव किलो मासळीला अर्धी वाटी तांदळाचे पीठ, दोन मोठे चमचे बेसन, चिमूटभर ओवा, एवढे पुरे. ते अगदी थंड पाण्यात, तळायच्या क्षणीच, भज्यांच्या पिठाहून पातळ कालवावे. चमच्याच्या पाठीवर पातळ साय धरली पाहिजे, गोळा नव्हे. आधी तुकडा कोरड्या पिठात घोळवून मग यात बुडवला की आवरण सुटत नाही. खायचा सोडा घालण्याची सवय रक्तदाबाच्या माणसांसाठी मोडावी. त्यातही सोडियम असते आणि मिठाचा हिशेब चुकतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ सांगते. मासळी आणि पीठ मिळून चार माणसांसाठी पाव चमचा मीठ घालावे; उणीव लिंबू आणि लसूण भरून काढतात. त्या दिवशी पानात लोणचे-पापड वाढू नयेत.

तेल तापले की पिठाचा थेंब टाकून पाहावा. तळाशी बसून राहिला तर थांबावे. पडताच बुडबुड्यांसह वर आला तर योग्य. लगेच काळवंडला किंवा तेलातून धूर निघाला तर आच कमी करावी. कोळंबीला दोन मिनिटे, बोंबील वा मरळीच्या पट्टीला तीन-चार मिनिटे पुरतात. पहिला तुकडा मोडून पाहावा. आतले मांस दुधी पांढरे होऊन पाकळ्या सुटल्या पाहिजेत. कढईभर तेल नको असेल तर आवरण न लावता, नुसत्या कोरड्या तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी तळावे. बोंबलाला हे अधिकच शोभते. घरात किती तेल पोटात गेले हे जाणायचे असेल तर तळण्यापूर्वी तेल वाटीने मोजावे, गार झाल्यावर पुन्हा मोजावे. उरलेला फरक तुम्ही खाल्लात. दोन-तीन वेळा हे केले की हाताला आपोआप शिस्त लागते.

उरलेल्या तेलाचा मोह आपल्याला भारी. वाचवलेले तेल बरणीत, त्यातच पुढच्या वेळी नवे ओतायचे, ही पद्धत सोडावी. तेल पुन्हापुन्हा तापवले की त्याचे विघटन होते. व्यावसायिकांसाठी तर १ जुलै २०१८ पासून अशा विघटित द्रव्यांची २५ टक्क्यांची कमाल मर्यादा ठरलेली आहे. घरी मोजण्याचे साधन नाही, पण रंग गडद, तेल चिकट, वर फेस आणि खवट वास या खुणा पुरेशा बोलक्या आहेत. मासळीचे तेल गाळून एक-दोन दिवसांत कालवणाच्या फोडणीला संपवावे, पुन्हा तळणीला घेऊ नये. म्हणूनच लहान, खोलगट कढई वापरावी. कमी तेलात तुकडे बुडतात आणि फेकायलाही जीवावर येत नाही.

काहींकडे आषाढात सुकी मासळीच असते. सुके बोंबील, सोडे, जवळा यांत मिठाचे प्रमाण खूप असू शकते. कोमट पाण्यात दोनदा भिजवून पाणी टाकून द्यावे आणि मगच वापरावे. भिजवून पिळलेल्या सोड्यांची तांदळाच्या पिठातली भजी चविष्ट होतात. पण हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला ती चवीपुरतीच, एखादे.

मधुमेह्यांच्या घरासाठी दोन वाक्ये. तेलकट जेवणाने पोट उशिरा रिकामे होते, त्यामुळे साखर जेवणानंतर लगेच न वाढता तीन-चार तासांनी वाढलेली दिसू शकते. मोजणार असाल तर तेव्हाही मोजावी, आणि औषधाची मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये. ताटात भात थोडा कमी, तांदळाची अर्धी भाकरी, काकडी किंवा रानभाजी भरपूर, आणि मासळीचे तीन तुकडे. आखाडात ताटाशेजारी पेलाही येतो हे मी जाणतो. साखरेच्या काही औषधांसोबत आणि झोपेच्या गोळ्यांसोबत मद्य घातक आहे. शिवाय झिंगलेल्या माणसाला काटा समजत नाही.

एवढे करूनही काटा अडकलाच, तर भाताचा गोळा किंवा केळे गिळायला लावण्याचा घरगुती उपाय करू नये. काटा त्याने निघतो कधीकधी, पण कधीकधी अन्ननलिकेत खोल रुततो. घशात बोटेही घालू नयेत. खाणे-पिणे थांबवून माणसाला बसते ठेवावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. आतून पाहण्याची दुर्बीण तेथे नसल्यास शहापूरला किंवा पुढे पाठवतील. रात्र पडेपर्यंत वाट पाहू नये. लाळ गिळता न येणे, तोंडातून रक्त, मान सुजणे, छातीत दुखणे किंवा दुसऱ्या दिवशी ताप, यांपैकी काहीही दिसले तर उशीर अजिबात नको. घासाने श्वासच कोंडला, बोलता येईना, खोकताही येईना, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरकस थापा माराव्यात. न निघाल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर असे पाच धक्के द्यावेत, हे आळीपाळीने चालू ठेवावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

तळणाऱ्याचीही काळजी हवी. हात थरथरणाऱ्या आजींनी जमिनीवरच्या चुलीवर गरम तेलाची कढई हाताळू नये. मसाला लावणे, काटे काढणे ही कामे त्यांनी बसून करावीत, त्यांत त्यांचा हात कुणी धरणार नाही. ओली मासळी तेलात सोडताना तुकडा आपल्यापासून दूर टेकवावा. तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच ओतू नये. आच बंद करून झाकण घालावे. अंगावर तेल उडाले तर वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे. हळद, शाई, दंतमंजन काहीही लावू नये.

ज्यांना गिळण्याचा त्रास आहे असे आजोबा त्याच पंगतीत असतील, तर त्यांच्यासाठी मरळीची काटे काढलेली पट्टी आल्या-लसणीसह वाफवावी, मऊ भातात कुस्करून वर लिंबू पिळावे आणि बसवून, लहान घासांनी, घाई न करता भरवावी. ज्यांना कुरकुरीत चालते त्यांचे तुकडे मात्र सर्वांआधी तळून ठेवू नयेत. वृद्ध माणूस पानावर बसला, कवळी लावून दोन घास भात खाऊन झाला, की मग तेलात सोडावेत. तीन-चार मिनिटांचा तर प्रश्न आहे, आणि तोंड भाजू नये म्हणून आणखी दोन मिनिटे निथळू द्यावेत.